पिकाच्या मुळांतले तणनाशक

श्रावण अर्ध्यावर आला की झाडीपट्टीतील धानाच्या बांध्यांमध्ये एक दृश्य हमखास दिसते. रोवणी आटोपलेली असते, धानाने मूळ धरलेले असते आणि त्याच्या जोडीने सावा, मोथा, लव्हाळा यांनीही डोके वर काढलेले असते. चिखलात पाय रोवून, पाठ वाकवून स्त्रियांची रांग हळूहळू पुढे सरकते. एका हाताने धान सावरायचे, दुसऱ्या हाताने तण उपटायचे. पावसाची उघडीप मिळाली की हे काम दिवसदिवस चालते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुके असोत, की वैनगंगेपलीकडील आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, चामोर्शी असोत. निंदणाच्या या दिवसांवरच पुढच्या पिकाचे भवितव्य ठरते. धान आणि तण यांच्यातील खरी झुंज पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत होते. या काळात तणाने वरचढ गाठली, तर नंतर कितीही खत घातले तरी ते बहुतांशी तणालाच मिळते.

या झुंजीत शेतकऱ्याला आजवर दोन शस्त्रे ठाऊक आहेत, एक माणसाचे हात आणि दुसरे बाटलीतील तणनाशक. तिसरे शस्त्र मात्र पिकाच्या मुळांतच दडलेले आहे, याची चर्चा क्वचितच होते. काही वनस्पती आपल्या मुळांतून, पानांतून वा कुजणाऱ्या अवशेषांतून अशी रासायनिक द्रव्ये सोडतात, की ज्यांमुळे शेजारच्या वनस्पतींचे बी रुजत नाही किंवा रोप खुरटते. विज्ञानाने या प्रक्रियेला ‘ॲलिलोपॅथी’ असे नाव दिले आहे. विशेष म्हणजे या शास्त्रात ज्या पिकांचा सर्वाधिक अभ्यास झाला, त्यांतील दोन, धान आणि ज्वारी, ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीला परकी नाहीत.

पाणी, हात आणि फवारा

धानाच्या बांधीत उभे असलेले पाणी हे सर्वांत जुने तणनाशक होय. बहुतेक तणांच्या बियांना रुजण्यासाठी हवा लागते. पाण्याखाली ती मिळत नाही. धानाला मात्र पाणी सोसते. पऱ्हे टाकून, ती वाढवून मग चिखलात रोवण्याची कष्टाची पद्धत रूढ झाली तिचे एक कारण हेच. रोवलेले रोप तीन-चार आठवड्यांचे असते आणि तण अजून बीजावस्थेतच असते. शर्यतीत पिकाला आधीच पुढे उभे केलेले असते.

ही व्यवस्था दोन कारणांनी डळमळू लागली आहे. पहिले कारण पावसाचे. जुलैमध्ये मोठा खंड पडला, की बांधीतले पाणी आटते आणि ओल्या, उघड्या मातीत तणाची लाट उठते. दुसरे कारण मजुरांचे. रोवणीला वेळेवर माणसे मिळत नाहीत, म्हणून काही शेतकरी थेट पेरणीकडे, म्हणजे आवत्या धानाकडे वळतात. तेथे पीक आणि तण एकाच दिवशी, एकाच रेषेवरून धावू लागतात. साहजिकच तणनाशकाची बाटली जवळची वाटू लागते. बुटाक्लोर, प्रेटिलाक्लोर, बिस्पायरिबॅक सोडियम, २,४-डी ही नावे आता खेड्यातल्या कृषी केंद्रांतही सर्रास ऐकू येतात.

तणनाशकांनी श्रम वाचवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु या दोन जिल्ह्यांची रचना निराळी आहे. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे आणि शेते जंगलाच्या कुशीत आहेत. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचे जाळे आहे. तलावाचे पाणी बांधीत उतरते, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत आणि शेवटी खालच्या नाल्यात वा बोडीत जाते. त्याच पाण्यात ढिवर समाजाची मासेमारी चालते. बुटाक्लोरसारखे द्रव्य माशांना अत्यंत विषारी असल्याचे सिद्ध झालेले आहे. शिवाय शेतातील प्रत्येक आगंतुक रोप म्हणजे तण नव्हे. केना, घोळ, कुरडू, तरोटा या पावसाळी रानभाज्या बांधावरून आणि शेतातूनच घरात येतात. फवारा तण आणि भाजी यांत भेद करीत नाही. म्हणूनच तिसऱ्या मार्गाचा विचार येथे केवळ शास्त्रीय कुतूहलापुरता उरत नाही.

आढीतला आंबा आणि मोलिश यांचे निरीक्षण

‘ॲलिलोपॅथी’ हा शब्द १९३७ मध्ये ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी रूढ केला. त्याआधी १९२८-२९ च्या सुमारास ते कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही काळ राहून गेले होते. पिकलेल्या सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू दुसऱ्या वनस्पतीच्या वाढीवर परिणाम करतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. आंब्याच्या आढीत एक पिकलेला आंबा ठेवला, की शेजारचे भराभर पिकतात, हा आपल्याकडचा घरोघरीचा अनुभव त्याच जातीचा आहे. एक वनस्पती दुसरीशी रसायनांच्या भाषेत व्यवहार करते, एवढाच त्याचा अर्थ.

निरीक्षण मात्र फार जुने आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने नोंदवून ठेवले आहे, की हरभरा जमिनीचा कस घेतो, पण तण, विशेषतः गोखरू, नष्ट करतो.

ही द्रव्ये चार वाटांनी बाहेर पडतात. पहिली वाट हवेची. रानतुळस वा निलगिरी यांचा उग्र वास म्हणजे उडून जाणारी तेलेच होत. दुसरी पावसाची. पानांवरून ओघळणारे पाणी काही द्रव्ये धुऊन मातीत नेते. तिसरी मुळांची, ती सर्वांत थेट आणि सर्वांत प्रभावी. चौथी कुजण्याची. पालापाचोळा, तणस, धसकटे कुजताना त्यांतील आम्ले मातीत मिसळतात. सागवनाखाली वा निलगिरीच्या लागवडीखाली झुडपांची वाढ विरळ दिसते, त्यामागे सावली आणि पाण्याची ओढ यांच्या जोडीला हे कारणही काही अंशी असू शकते.

ज्वारीचे सोनेरी थेंब

ज्वारीच्या कोवळ्या मुळांवरील केसांसारखे तंतू भिंगाखाली पाहिले, तर त्यांच्या टोकांवर सोनेरी पिवळ्या रंगाचे तेलकट थेंब दिसतात. १९८६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी यांतील मुख्य द्रव्याची ओळख पटविली. त्याला ‘सॉर्गोलिऑन’ हे नाव मिळाले. मुळांतून पाझरणाऱ्या या स्रावाचा बहुतांश भाग एकट्या सॉर्गोलिऑनचा असतो. हे द्रव्य कोवळ्या तणाच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत नेमक्या त्याच जागी अडसर घालते, जेथे ॲट्राझिन हे कारखान्यात तयार होणारे तणनाशक घालते. रुंद पानांची आणि बारीक बियांची तणे याला लवकर बळी पडतात. मोठ्या बियांतून येणारी रोपे बऱ्याच अंशी तग धरतात.

याच गुणाचा उपयोग पाकिस्तानातील फैसलाबाद कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी करून पाहिला. पक्व ज्वारीची वाळलेली ताटे बारीक तुकडे करून, १ किलोस १० लिटर या प्रमाणात पाण्यात २४ तास भिजवायची, गाळून घ्यायचे आणि ते पाणी गव्हासारख्या पिकांत फवारायचे, अशी ती पद्धत आहे. त्यांनी या अर्काला ‘सॉर्गाब’ असे नाव दिले. निष्कर्ष उत्साहवर्धक असले तरी मर्यादित होते. तण घटले, पण नाहीसे झाले नाही. सर्वांत चांगला परिणाम दिसला तो हा अर्क कमी मात्रेच्या तणनाशकासोबत वापरल्यावर. म्हणजे रसायनाची जागा तो पूर्णपणे घेत नाही. त्याची गरज मात्र कमी करू शकतो.

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडील काळ्या जमिनीच्या तालुक्यांत एकेकाळी खरिपाची ज्वारी हे प्रमुख पीक होते. गेल्या काही दशकांत सोयाबीन आणि कापसाने तिला मागे सारले. ज्वारी गेली तेव्हा माणसाची भाकर आणि गुरांचा कडबा गेला, याची चर्चा झाली. तिच्याबरोबर फेरपालटीतील एक फुकटचा तणनियंत्रकही गेला, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

टारफुला आणि कापसाची फसगत

ज्वारीच्याच मुळांशी जोडलेली आणखी एक गोष्ट या भागाला लागू पडते. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण. त्याची बी धुळीइतकी बारीक असते, एका रोपाला ती हजारोंनी लागते आणि जमिनीत अनेक वर्षे निपचित पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून ठरावीक रासायनिक संकेत आल्याशिवाय ती रुजतच नाही. संकेत मिळताच रुजते, काही दिवसांत यजमानाचे मूळ गाठते आणि त्याचा रस शोषू लागते. मूळ सापडले नाही, तर मरते.

हा संकेत देणाऱ्या द्रव्यांतील पहिले द्रव्य, ‘स्ट्रिगॉल’, १९६६ मध्ये वेगळे करण्यात आले; आणि तेही ज्वारीच्या नव्हे, कापसाच्या मुळांतून. टारफुला कापसावर जगू शकत नाही. तरीही कापसाची मुळे तोच संकेत देतात, बी फसते, रुजते आणि उपाशी मरते. ज्वारीनंतर कापूस घेण्याच्या विदर्भातील जुन्या फेरपालटीमागे हे रसायनशास्त्र नकळत काम करीत होते. वनस्पती असा आत्मघातकी संकेत का देतात, याचे उत्तर २००५ मध्ये मिळाले. मुळांना अन्नद्रव्ये पुरविणाऱ्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी ती हाक असते. टारफुला केवळ ती चोरून ऐकतो. केनियातील संशोधकांनी हेच तत्त्व पुढे नेऊन मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल पीक घेण्याची पद्धत विकसित केली. त्याच्या मुळांतील द्रव्ये टारफुल्याच्या बियांना रुजवतात आणि मक्याच्या मुळांपर्यंत पोहोचू देत नाहीत. पूर्व आफ्रिकेतील हजारो लहान शेतकऱ्यांनी ही पद्धत स्वीकारली आहे.

स्टटगार्ट आणि नांदेड

धानाची कथा अधिक जवळची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, स्टटगार्ट येथील संशोधन केंद्रावर, रॉबर्ट डिल्डे हे शास्त्रज्ञ जगभरातून आलेल्या धानाच्या वाणांची पाहणी करीत होते. काही वाणांभोवती पाणतणाचा मागमूस नव्हता. रोपाभोवती जणू कोणी वर्तुळ आखून जागा साफ केली होती. त्यांनी त्यानंतर हजारो वाण तपासले आणि त्यांपैकी थोड्याच वाणांत हा गुण असल्याचे आढळले. धानाच्या तुसातून १९७३ मध्येच जपानी संशोधकांनी ‘मोमिलॅक्टोन’ नावाची द्रव्ये वेगळी केली होती. पुढे असे दिसले, की धानाची मुळेही हे द्रव्य सोडतात आणि शेजारी सावा असेल तर अधिक सोडतात. २०१२ मध्ये निर्णायक पुरावा हाती आला. हे द्रव्य तयार करणारी जनुके निकामी केलेल्या धानाने तण रोखण्याची शक्ती बरीचशी गमावली. २००९ मध्ये चीनने याच गुणावर निवडलेला ‘हुआगान-३’ हा वाण शेतकऱ्यांसाठी प्रसारित केला.

डिल्डे यांनी जे केले त्याला प्रयोगशाळा लागली नव्हती. लागली होती ती नजर. साधारण त्याच काळात, १९८३ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला आपल्या ‘पटेल ३’ धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, वर्षानुवर्षे लावून पाहिल्या आणि त्यांतून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ वाण उभा राहिला. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची निवड दाण्यासाठी होती, तणासाठी नव्हती. पण शेतकऱ्याची नजर वाण घडवू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हरितक्रांतीच्या काळात धानाची निवड झाली ती बुटकेपणा, खताला प्रतिसाद आणि उत्पन्न यांवर. तण उपटायला माणसे आणि मारायला औषध आहे, हे गृहीत होते. त्यामुळे तणाशी झुंजण्याचा गुण कोणी तपासलाच नाही. उंच वाढणारे, लवकर फुटवे काढून जमीन झाकणारे जुने स्थानिक वाण मागे पडले. त्यांच्यात मुळांतून तण रोखण्याची क्षमता असलेले काही असतील, तर ते तपासले जाण्याआधीच बियाण्याच्या कणगीतून नाहीसे होण्याचा धोका आहे. धानावर संशोधन करणारे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे केंद्र सिंदेवाही येथेच आहे. गावोगावच्या जुन्या वाणांची या दृष्टीने पाहणी करण्यास त्याहून सोयीची जागा नाही.

याच्या नेमका उलट मार्गही आज उपलब्ध आहे. २०२१ मध्ये ‘पुसा बासमती १९७९’ आणि ‘पुसा बासमती १९८५’ हे तणनाशक सहन करणारे वाण देशात प्रसारित झाले. पीक तसेच राहते, फवारा मात्र तण मारतो. थेट पेरणीसाठी ही मोठी सोय आहे. परंतु अमेरिकेत २००२ पासून अशाच तत्त्वाचे धान लावले गेले आणि काही वर्षांतच शेतातील रानटी धानात तोच प्रतिकार उतरला. पूर्व विदर्भाच्या तलावांत देवधान हा धानाचा रानटी भाऊबंद आजही उगवतो. असे वाण या भागात आणताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तरोटा विरुद्ध गाजरगवत

शेताबाहेरही हे युद्ध चालू असते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज विदर्भाच्या प्रत्येक पडीक जागेवर आहे. त्यातील ‘पार्थेनिन’ हे द्रव्य इतर रोपांना वाढू देत नाही आणि माणसाला त्वचेचे विकार व दमा यांचा त्रास देते. त्याला तोंड देणारी वनस्पती मात्र येथलीच आहे. तरोट्याचे बी पावसाळ्याच्या तोंडावर गाजरगवताच्या जागी दाट फेकले, तर तरोटा वेगाने वाढतो, सावली धरतो आणि आपल्या स्रावांनी गाजरगवताची उगवण कमी करतो. कृषी विभागाच्या शिफारशींत हा उपाय बरीच वर्षे आहे. १९८४ मध्ये भारतात आणलेल्या मेक्सिकन भुंगेऱ्याची जोड मिळाली, तर परिणाम अधिक टिकतो. तरोट्याची कोवळी पाने भाजीला येतात आणि बीही विकले जाते, हा वरकड लाभ.

जंगलात नेमके उलटे घडते. ताडोबाच्या परिसरात रानतुळस आणि घाणेरी यांनी गवताळ मोकळ्या जागा व्यापल्या, त्या परदेशी आहेत. येथील गवतांना त्यांच्या रसायनांची सवय नाही, हे त्यांच्या यशाचे एक कारण असावे, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. गवत गेले की चितळ-सांबरांचा चारा जातो. पीक वाचविणारे आणि कुरण गिळणारे शस्त्र एकाच जातीचे आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

या शास्त्राच्या इतिहासात उतावळेपणाला धडा शिकविणारे एक प्रकरण आहे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात सुगंधी झुडपांभोवती दिसणारे गवतविरहित पट्टे त्या झुडपांतून उडणाऱ्या तेलांमुळे तयार होतात, असे प्रसिद्ध झाले आणि ते पाठ्यपुस्तकांत गेले. १९७० मध्ये दुसऱ्या संशोधकाने त्या पट्ट्यांवर जाळ्यांचे पिंजरे ठेवले. आत गवत उगवले. झुडपांच्या आडोशाने वावरणारे उंदीर आणि पक्षी ते खाऊन टाकीत होते. तेव्हापासून नियम झाला, की सावली, पाणी, अन्नद्रव्ये आणि खाणारे प्राणी ही कारणे वगळल्याशिवाय श्रेय रसायनाला देऊ नये. बशीतल्या ओल्या कागदावर बी रुजले नाही म्हणजे शेतातही रुजणार नाही, असे होत नाही. मातीतील जिवाणू ही द्रव्ये काही दिवसांत खाऊन टाकतात, चिकण काळी माती त्यांना धरून ठेवते, जोराचा पाऊस त्यांना वाहून नेतो. अल्प मात्रेत तर काही द्रव्ये तणाची वाढ उलट वाढवतात.

दुसरा धोका पिकाचाच. तैवानमध्ये वर्षातील दुसऱ्या धानाचे उत्पन्न घटत असे. मातीत ओले गाडलेले पहिल्या पिकाचे तणस कुजताना सोडत असलेली आम्ले कोवळ्या मुळांना बाधत होती, असे १९७० च्या दशकात दिसून आले. ज्वारीची धसकटे ताजी असताना गहू पेरला, तर उगवण दबू शकते ती अशाच कारणाने.

तिसरा धोका पाण्याचा. मोहाची ढेप तळ्यात टाकली, की तिच्यातील सॅपोनिनने मासे मरतात. मत्स्यशेतीत नको असलेले मासे काढण्यासाठी ती वापरलीही जाते. गिरिपुष्पाला ‘उंदीरमारी’ म्हणतात ते उगीच नव्हे. झाडपाल्याचा अर्क म्हणून तो वाटेल तसा, तलावाच्या काठाने फवारावा, असे मुळीच नाही.

कारखान्यानेही या वनस्पतींकडून धडे घेतले आहेत. बागेतल्या बॉटलब्रशच्या झाडाखाली तण कमी उगवते, हे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रसायनतज्ज्ञाच्या लक्षात आले. त्या झाडातील द्रव्यावरून बेतलेले ‘मेसोट्रायोन’ हे मक्यातील तणनाशक २००१ मध्ये बाजारात आले. ते प्रभावी ठरले, पण बाटलीत गेल्यावर तेही इतर तणनाशकांसारखेच एक झाले. मात्रा, खर्च आणि तणाची वाढती प्रतिकारशक्ती हे प्रश्न त्यालाही सुटले नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या लहान शेतकऱ्याला उपयोगी आहे ती बाटलीबाहेरची वाट.

शेतात काय करता येईल

त्या वाटेवरची पावले साधी आहेत. काळ्या जमिनीत तीन-चार वर्षांतून एकदा तरी ज्वारी फेरपालटीत आणावी. टारफुल्याचा उपद्रव असेल तेथे ज्वारीनंतर कापूस घ्यावा. कडबा गुरांना पुरून उरत असेल, तर ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचे तुकडे कापूस वा तुरीच्या ओळींमध्ये, पीक हातभर वाढल्यावर पसरावेत. उन्हाची आडकाठी आणि ताटांतली द्रव्ये असा दुहेरी परिणाम मिळतो. पहिल्या पावसानंतर उगवलेले तण वखराने मोडून मगच पेरणी करावी. यामुळे झुंज अर्धी जिंकलेली असते.

धानात रोवणीपूर्वी ढेंचा वा बोरू वाढवून चिखलणीत गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला बांधीत घालावा. यांतून नत्र मिळते, जमीन झाकली जाते आणि तणाला पहिल्या आठवड्यांत मोकळे रान मिळत नाही. तणस गाडायचे असेल, तर रोवणीच्या बऱ्याच आधी गाडून कुजू द्यावे. रानटी धानाचे बी मिसळू नये म्हणून बियाणे लोंब्या निवडून ठेवावे. ज्वारीचा अर्क करून पाहायचा असेल, तर तो आधी शेताच्या एका पट्ट्यावर, तलाव-विहिरीपासून दूर आणि शेजारचा तेवढाच पट्टा कोरा ठेवून पाहावा. कोरा पट्टा नसेल, तर परिणाम अर्काचा की पावसाचा, हे कधीच कळत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नजर. निंदणाच्या वेळी कोणत्या वाणाच्या मुळाशी तण कमी निघते, हे रांगेतल्या स्त्रियांना जेवढे कळते तेवढे कोणालाच कळत नाही. वर्षानुवर्षे त्यांचे हात प्रत्येक बांधीतून फिरलेले असतात. वाण निवडताना त्यांचे मत विचारण्याची प्रथा नाही. ती पडायला हवी.

याच ठिकाणी या विषयाची अवघड बाजूही येते. निंदण कमी झाले तर पाठीचे कष्ट वाचतील, जंगलालगतच्या शेतांत वाघाच्या भीतीने वाकून काम करण्याची वेळ कमी येईल. पण भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांची पावसाळ्यातली मजुरीही त्याच निंदणावर आहे. फवारा ही मजुरी एका दिवसात संपवतो. मुळांतले तणनाशक तसे करीत नाही. ते तणाचा जोर कमी करते, हात पूर्णपणे रिकामे करीत नाही. तीन निंदण्यांचे काम दोनवर आणू शकले तरी ते यशच म्हणायचे. बांधीत केना आणि घोळ उरते, तलावात मासे उरतात.

ही द्रव्ये प्रयोगशाळेत सापडली, पण ती घडली शेतात, पिकाच्या आणि तणाच्या हजारो वर्षांच्या शेजारातून. ज्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने मूठभर लोंब्यांतून नवा वाण काढला, तेथे तण रोखणारे धान शोधण्यासाठी फार दूर जावे लागू नये. जुने वाण कणगीत आहेत तोवर, आणि निंदणाऱ्या हातांना त्यांची ओळख आहे तोवर, हा शोध सुरू व्हायला हवा.